एका मिलिव्होल्टची घरघर

१९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतले घरगुती रेडिओ बॅटरीवर चालत, आणि बॅटरीला हम, म्हणजे विजेची घरघर, नसतो. तो आला घरातल्या विजेच्या जोडणीबरोबर. अमेरिकेतला एसी सेकंदाला ६० आवर्तनं करतो, ब्रिटनमधला आणि आपल्याकडचा ५०. एसीचा डीसी करणाऱ्या रेक्टिफायरनंतर उरणारी लहर त्याच्या दुप्पट, म्हणजे १२० किंवा १०० हर्ट्झची.

सुरुवातीच्या व्हॉल्व्हमध्ये तापलेला तंतू स्वतःच इलेक्ट्रॉन सोडी. त्याला एसी दिला की घरघर थेट गाण्यात उतरे. १९२७ मध्ये आरसीएने आणलेल्या २२७ व्हॉल्व्हमध्ये तंतूकडे फक्त तापवण्याचं काम राहिलं. इलेक्ट्रॉन सोडायला वेगळा कॅथोड आला. पुढे स्पीकरच्या विद्युत्चुंबकाची कॉइलच वीजपुरवठ्यात लहर गाळणारा चोक म्हणून वापरू लागले. काटकसर उत्तम, पण त्यामुळे उरलीसुरली लहर चुंबकातच शिरे. मग व्हॉइस कॉइलला उलट दिशेने एक छोटी कॉइल जोडली गेली, आणि एका घरघरीने दुसरी खोडून काढली. इतका देखणा तोडगा या इतिहासात दुसरा नाही.

कान मात्र सगळे स्वर सारखे ऐकत नाही. १९३३ मध्ये बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी आलेखांतून दाखवलं, की आवाज लहान असला की खर्ज फारच कमी ऐकू येतो. अशाच आलेखांवरून आलेलं ‘ए’ भारांकन आवाजाच्या मोजणीत १०० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबलची सूट देतं, ५० हर्ट्झला ३० ची. अ‍ॅम्प्लिफायरच्या माहितीपत्रकातला हमचा आकडा त्याने लगेच गोंडस होतो, आणि फसगत तिथेच होते.

समजा, ८ ओहमच्या स्पीकरवर १०० हर्ट्झचा १ मिलिव्होल्ट हम आहे. ८६ डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या स्पीकरमधून एक मीटरवर १७ डेसिबल निघतील. १०० हर्ट्झला ऐकू येण्यासाठी सुमारे २७ लागतात, म्हणजे शांतता. पण १९४६ च्या क्लिपशहॉर्नसारखा १०४ डेसिबलचा हॉर्न जोडला, तर तोच मिलिव्होल्ट ३५ डेसिबलवर स्पष्ट घुमतो.

१९३८ च्या ३००बी व्हॉल्व्हच्या चाहत्यांना हे नीट माहीत आहे. एकट्या ३००बीची ताकद जेमतेम ८ वॅट, म्हणून हॉर्न हवा. आणि तंतू जुन्याच पद्धतीचा, स्वतः इलेक्ट्रॉन सोडणारा. तंतूवरचा समतोल साधणारा हम-पॉट फिरवून ५० हर्ट्झ जवळपास घालवता येतो, १०० उरतोच, आणि कानाला तोच जास्त बोचतो. म्हणून बरेच जण तंतूला डीसी देतात. एसीचाच नाद गोड मानणाऱ्यांनी स्पीकर निवडताना अ‍ॅम्प्लिफायरच्या हमचे भारांकनाविना मोजलेले मिलिव्होल्ट विचारून घ्यावेत.