पाण्याची बारीक होत गेलेली वाट

‘पाणी स्वच्छ आहे का?’ हा प्रश्न साधा वाटतो, पण खानदेशात त्याचे उत्तर काळागणिक बदलत गेले आहे. पाणी ज्या वाटेने जाते ती वाट किती रुंद, यावर पाण्यातले काय पाहायचे हे ठरले. वाट बारीक होत गेली तसतशी मोजायची गोष्टही बारीक होत गेली आणि मोजमाप मात्र दर वेळी एक पाऊल मागे राहिले. या लेखात सांगायचे आहे ते एवढेच.

धुळे जिल्ह्यात पांझरेकाठी फड पद्धत शतकानुशतके चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाखाली फडांत वाटलेली जमीन, आणि पाण्याची पाळी सांभाळायला गावाने नेमलेला पाटकरी. या व्यवस्थेचा शत्रू गाळ. तो डोळ्यांना दिसे, फावड्याने निघे. पाट वेळेवर साफ करणे हे सगळ्या लाभधारकांचे सामाईक काम होते. हातभर रुंद पाटाला पाण्यातल्या अदृश्य वस्तूंची फिकीर करण्याचे कारण नव्हते.

पाणी नळात शिरले तेव्हा मोजणी डोळ्यांपलीकडे गेली. १८९२ साली हॅम्बुर्ग शहरात पटकीने आठ हजारांहून अधिक माणसे दगावली. शेजारच्या आल्टोना गावाला त्याच एल्बे नदीचे पाणी मिळत होते, पण ते वाळूच्या गाळणीतून येई आणि ते गाव बरेचसे बचावले. रॉबर्ट कॉख यांनी या घटनेचा अभ्यास केला आणि गाळलेल्या पाण्याच्या दर मिलिलिटरमागे शंभरापेक्षा जास्त जिवाणू नसावेत, असा दंडक घातला. पाण्याची शुद्धता आकड्यात सांगण्याची रीत तेव्हापासून रुजली.

आल्टोनाच्या गाळणीत मुख्य काम एकटी वाळू करत नव्हती. वाळूवर जिवाणू, शेवाळ आणि त्यांच्या स्रावांचा जो बुळबुळीत थर साचतो, तोच जंतू अडवतो. आज त्याला आपण जैवपटल म्हणतो. १९३३ साली अमेरिकेतल्या आर्थर हेन्रिसी यांनी तळ्यात काचपट्ट्या बुडवून ठेवल्या आणि गोड्या पाण्यातले जिवाणू काचेला कसे चिकटून वाढतात ते सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. नळाच्या गावात हा थर गाळणीपुरता मित्र होता.

शेतात मात्र तो वैरी ठरला. इस्रायलमध्ये सिम्हा ब्लास यांच्या कल्पनेतून १९६५ साली ठिबकचा कारखाना उभा राहिला. १९८०च्या दशकाच्या अखेरीस जळगावात भवरलाल जैन यांच्या कंपनीने ठिबकचे काम हाती घेतले, आणि रावेर, यावल, चोपड्याच्या केळीबागांत काळ्या नळ्या पसरल्या. पाटाची वाट हातभर होती. ठिबकच्या तोटीतली वाट साधारण मिलिमीटरभर, कित्येकदा त्याहूनही कमी. नळीच्या आतून चिकट थर धरतो, त्याला माती चिकटते आणि तोटी चोंदते. बागेतली दहा झाडे तहानलेली आहेत हे पान पिवळे पडल्यावरच कळते.

शेतकऱ्याचा उपाय ठरलेला आहे: क्षारांसाठी आम्लप्रक्रिया, बुळबुळीसाठी क्लोरिन, आणि नळीचे टोक उघडून धुणे. तिन्ही उपाय खरे आहेत. पण ते बहुधा दिनदर्शिका बघून किंवा तोटी बंद पडल्यावर केले जातात, पाण्यात थर धरणारी वस्तू किती आहे हे मोजून नव्हे. कारण ती वस्तू पारदर्शक आहे. भारतीय मानक पिण्याच्या पाण्याची गढूळता एक एककाच्या आत मागते. त्या कसोटीला उतरलेल्या पाण्यातही हे कण असू शकतात.

१९९३ साली अ‍ॅलिस ऑलड्रेज, उटा पासोव्ह आणि ब्रूस लोगन यांनी समुद्राच्या पाण्यात हे कण प्रथम नीट दाखवले. शेवाळ आणि जिवाणू यांनी सोडलेल्या शर्करायुक्त स्रावांचे ते गोळे. आकार मायक्रॉनच्या अंशापासून शेकडो मायक्रॉनपर्यंत, आणि अंग लवचीक, त्यामुळे गाळणीच्या छिद्रातूनही ते दबून निसटतात. पुढे टॉम बर्मन यांनी किनेरेत सरोवरात, म्हणजे इस्रायलला पाणी पुरवणाऱ्या गोड्या पाण्याच्या साठ्यात, ते मोजले. २०१२ साली बार-झीव्ह, बर्मन आणि सहकाऱ्यांनी मांडले, की जैवपटलाची सुरुवात केवळ सुट्या जिवाणूंपासून होत नाही. जिवाणू आधीच अंगावर बसलेले असे चिकट कण पाण्यातून येऊन पृष्ठभागाला लागतात आणि थर झपाट्याने वाढतो.

हे कण दिसतात ते अल्शियन ब्लू या निळ्या रंगाने. हा रंग मुळात सुती कापड रंगवण्यासाठी तयार झाला होता. १९५० साली स्टीडमन यांनी तो शरीरातला श्लेष्मल स्राव ओळखण्यासाठी वापरला. कापसाच्या खानदेशाने या योगायोगाची दखल घ्यायला हरकत नाही. पासोव्ह आणि ऑलड्रेज यांनी १९९५ साली मोजणीची रीत दिली. ०.४ मायक्रॉन छिद्रांच्या जाळीवर पाणी कमी दाबाने हळूच गाळायचे, कारण जोर केला तर कण निसटतात. जाळीवर राहिलेल्या कणांना निळा रंग द्यायचा, ८० टक्के गंधकाम्लात तो रंग विरघळवायचा आणि ७८७ नॅनोमीटरच्या प्रकाशात त्याची गडदता वाचायची. तुलनेसाठी झँथन गोंद वापरतात. रंग आधी जाळीवर देण्यालाही कारण आहे: खारट पाण्यात तो स्वतःच गुठळ्या धरतो. हतनूरच्या जलाशयाचे, तापीचे आणि क्षारयुक्त विहिरीचे पाणी एकाच मापाने मोजायचे तर ही काळजी कामाची आहे.

एवढी साधने महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या आवाक्यातली आहेत. बागेला पाणी सोडण्याआधी, पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्यात जलाशय उतरल्यावर असे तीन वेळा पाणी तपासले, तर क्लोरिन कधी लागेल हे तोटी चोंदण्याआधी सांगता येईल. नको तेव्हा टाकलेले आम्ल आणि क्लोरिन जमिनीतच उतरतात, त्याचा खर्चही शेतकऱ्याच्याच खिशातून जातो.

फडाच्या काळी पाट साफ करण्याचे काम गावाचे होते, कारण गाळ सगळ्यांना दिसत होता. आज नळी ज्याची त्याची, चोंदलेली तोटीही ज्याची त्याची. न दिसणारा गाळ निळा करून सगळ्यांसमोर ठेवला, तर पाण्याची निगा पुन्हा सामाईक काम होऊ शकेल. पाटकऱ्याच्या हातातल्या फावड्याची जागा आता काचेच्या नळीने घ्यायला हवी.