भरती संस्थांमार्फत आयटी नोकरी : बेळगाव-निपाणी परिसरातील उमेदवारांनी काय जाणून घ्यावे?

विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय 1998 पासून बेळगावात आहे. गोगटे अभियांत्रिकी महाविद्यालय तर 1979 पासूनचे. तंबाखूची पेठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निपाणीतही आता अभियांत्रिकीचे शिक्षण मिळते. दरवर्षी या भागातून संगणक शाखेचे पदवीधर मोठ्या संख्येने बाहेर पडतात. त्यांत चोर्ला घाट ओलांडून शिकायला गेलेले गोव्यातील विद्यार्थीही असतात. नोकऱ्या मात्र प्रामुख्याने पुणे आणि बंगळूर येथे आहेत. महाविद्यालयीन निवड मुलाखतींत संधी न मिळालेल्या उमेदवाराचा आणि कंपनीचा दुवा बहुधा भरती संस्थाच ठरते. हा दुवा विश्वासार्ह असेल तर महिनोन्‌महिन्यांची वणवण वाचते. नसेल तर कुटुंबाची पुंजी आणि उमेदवाराची ऐन उमेदीची वर्षे दोन्ही वाया जातात.

संस्थांचे प्रकार

‘कन्सल्टन्सी’ या एकाच शब्दाखाली चार निरनिराळे व्यवसाय चालतात. पहिला, निव्वळ भरती सल्लागारांचा. कंपनीला हवा तसा उमेदवार शोधून देणे हे त्यांचे काम आणि त्याचे शुल्क कंपनी भरते. वार्षिक वेतनाच्या 8.33 टक्के, म्हणजे एका महिन्याचे वेतन, हा त्यातील रूढ हिशेब आहे. दुसरा, मनुष्यबळ पुरवठादारांचा. येथे उमेदवार काम एका कंपनीत करतो, पण त्याचा कायदेशीर मालक पुरवठादार असतो. पगार आणि भविष्यनिर्वाह निधी त्याच्याच नावे जमा होतो. तिसरा, प्रशिक्षण देऊन नोकरीचे आश्वासन देणाऱ्या वर्गांचा. चौथा, परदेशी नोकरीच्या दलालांचा. आपल्यासमोर बसलेली व्यक्ती या चौघांपैकी कोण, हे उमेदवाराने पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे.

पैसे कोणी द्यायचे?

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1997 च्या 181 क्रमांकाच्या करारात, खासगी रोजगार संस्थांनी कामगारांकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष शुल्क घेऊ नये, असे तत्त्व सांगितले आहे. भारताने या कराराला अद्याप मान्यता दिलेली नाही. तरीही नामांकित भरती संस्था हेच तत्त्व पाळतात. म्हणून नोंदणी शुल्क, मुलाखत शुल्क, लॅपटॉपची अनामत किंवा ‘परत मिळणारी’ सुरक्षा ठेव मागितली गेली की तेथेच थांबावे. प्रशिक्षण वर्गाचे शुल्क ही वेगळी बाब आहे. मात्र नोकरीचे आश्वासन पावतीवर किंवा करारात लिहून मिळाले नसेल, तर आपण केवळ शिकवणीचे पैसे देत आहोत असे समजावे.

संस्थेची खातरजमा

कंपनी म्हणवणाऱ्या संस्थेची नोंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नावावरून पाहता येते. वस्तू व सेवा कराचा क्रमांक 15 अंकाक्षरांचा असतो. त्यातील पहिले दोन अंक राज्य दर्शवतात : कर्नाटक 29, महाराष्ट्र 27, गोवा 30. ‘आमचे कार्यालय पुण्यात’ असे सांगणाऱ्याच्या पावतीवर भलतेच अंक दिसले, तर विचारणा करावी. नेमणुकीचे पत्र कंपनीच्या स्वतःच्या ई-मेल पत्त्यावरून आले आहे का, हे पाहावे आणि कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरील संपर्कातून त्याची खात्री करून घ्यावी. केंद्रीय श्रम मंत्रालयाची ‘राष्ट्रीय करिअर सेवा’ 2015 पासून सुरू असून तेथील नोंदणी विनामूल्य आहे.

अर्ज करताना

एकाच कंपनीच्या एकाच पदासाठी दोन संस्थांनी आपली माहिती पाठवली, तर शुल्क कोणाचे यावरून वाद होतो आणि पुष्कळदा उमेदवारच बाद होतो. म्हणून कंपनीचे नाव व पद कळल्याशिवाय संमती देऊ नये आणि कोणत्या संस्थेला कोणत्या दिवशी संमती दिली, याची वही ठेवावी.

सीमाभागातील उमेदवारांना नावांच्या तफावतीचा त्रास विशेष होतो. मराठी पद्धतीत स्वतःचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असे पूर्ण लिहितात. कर्नाटकातील गुणपत्रिकांवर अनेकदा केवळ आद्याक्षरे असतात. आधार, पॅन आणि दहावीची गुणपत्रिका यांवर तीन प्रकारे नाव असेल, तर पार्श्वभूमी पडताळणीत नेमणूक रखडते. 1 नोव्हेंबर 2014 रोजी शहराचे अधिकृत नाव ‘बेळगावी’ झाले. त्यामुळे जुन्या-नव्या कागदांवरील पत्तेही जुळत नाहीत. ही दुरुस्ती नोकरी शोधण्यापूर्वीच करून घ्यावी. मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही ताब्यात देऊ नयेत. डिजिलॉकरमधील प्रती किंवा साक्षांकित छायाप्रती पुरेशा असतात. पडताळणीसाठी मूळ कागद दाखवावेत आणि लगेच परत घ्यावेत.

काही दलाल पैसे घेऊन दोन-तीन वर्षांचे खोटे अनुभवपत्र देतात. भविष्यनिर्वाह निधीच्या खात्याचा इतिहास तपासला की हा बनाव उघड होतो. तोवर मिळालेली नोकरी जाते आणि पुढील अर्जांवरही त्याचे सावट राहते.

नेमणुकीचे पत्र वाचताना

पत्रातील वार्षिक वेतनाचा आकडा आणि हाती येणारा पगार यांत मोठे अंतर असते. मालकाचा निधीतील वाटा, उपदान, विमा आणि कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम वगळून मासिक हिशेब लेखी मागावा. आपला मालक कोण, कामाचे ठिकाण कोणते, कंत्राट किती महिन्यांचे आणि सूचनाकाळ 30 दिवसांचा की 90, हेही पाहावे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार नियुक्तीपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे.

सेवाबंधाविषयी गैरसमज फार आहेत. करार अधिनियम, 1872 च्या कलम 27 नुसार नोकरी सोडल्यानंतर अन्यत्र काम करण्यास मज्जाव करणारी अट सामान्यतः निरर्थक ठरते. परंतु ठरावीक काळापूर्वी नोकरी सोडल्यास रक्कम भरण्याची अट तशी आपोआप निरर्थक ठरत नाही. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सार्वजनिक बँकेची तीन वर्षे सेवा किंवा दोन लाख रुपये ही अट वैध ठरवली. म्हणून बंधपत्रावर सही करण्यापूर्वी रक्कम आणि मुदत वाचावी. कोरा धनादेश कदापि देऊ नये.

स्थानिकत्वाचा प्रश्न

खासगी आयटी कंपन्यांत आज राज्यनिहाय आरक्षण नाही. जुलै 2024 मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने व्यवस्थापकीय पदांत 50 टक्के व अन्य पदांत 70 टक्के जागा स्थानिकांना देणारे विधेयक मंजूर केले. उद्योगांच्या विरोधानंतर ते स्थगित ठेवण्यात आले. त्यातील ‘स्थानिक’ या व्याख्येत 15 वर्षांच्या वास्तव्यासह कन्नड बोलता, वाचता व लिहिता येण्याची अट होती आणि शाळेत कन्नड न शिकलेल्यांसाठी चाचणी सुचवली होती. मराठी माध्यमातून शिकलेल्या बेळगाव-निपाणीच्या तरुणांना हा मुद्दा थेट भिडतो. तेव्हा वास्तव्याचा दाखला व शालेय कागदपत्रे नीट जपून ठेवावीत.

परदेशी नोकरी

परदेशातील नोकरीसाठी भरती करणाऱ्या दलालाला उत्प्रवास अधिनियम, 1983 अन्वये परवाना लागतो. परवानाधारकांची यादी ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर आहे. त्यांना उमेदवाराकडून 30,000 रुपये व त्यावरील वस्तू व सेवा कर, यापेक्षा अधिक घेता येत नाही. सप्टेंबर 2022 मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने विशेषतः आयटी कौशल्य असलेल्या तरुणांना सावध केले होते : थायलंडमधील ‘डिजिटल विक्री’च्या नोकरीचे आमिष दाखवून त्यांना म्यानमारमध्ये नेले जात होते व तेथे डांबून सायबर फसवणुकीची कामे करून घेतली जात होती. मार्च 2025 मध्ये अशा पाचशेहून अधिक भारतीयांना वायुदलाच्या विमानांनी मायदेशी आणावे लागले. पर्यटक व्हिसावर ‘आधी या, परवाना नंतर’ असे सांगणारी नोकरी नाकारावी.

फसवणूक झाल्यास

पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच क्षणी 1930 या क्रमांकावर कळवावे. रक्कम पुढे वळवली जाण्यापूर्वीच ती गोठवता येते. संस्था पुण्यातील आणि उमेदवार निपाणीचा, म्हणून तक्रार नाकारता येत नाही : दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात ‘शून्य एफआयआर’ म्हणून नोंदवता येते. शुल्क घेऊन सेवा न दिल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 अन्वये आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. त्यासाठी पावत्या, संदेश व ई-मेल जपून ठेवावेत. संकोचाने गप्प बसणे हाच अशा दलालांचा खरा आधार असतो. पहिल्या उमेदवाराने वेळीच केलेली तक्रार गावातील पुढच्या दहा जणांना वाचवू शकते.