खांदेरीचा दिवा

आपल्या खोपोलीच्या वीजगृहातले पाणी पाताळगंगेतून धरमतरच्या खाडीला मिळते. त्या खाडीबाहेर, थळसमोर, खांदेरी बेट आहे. मुंबईकर इंग्रजांवर नजर ठेवण्यासाठी शिवछत्रपतींनी १६७९ मध्ये तेथे किल्ला बांधावयास घेतला. १८६७ मध्ये इंग्रजांनी तेथेच दीपगृह उभारले. पहारा राहिला, वैर गेले.

अशा दीपगृहांत रखवालदार रात्रभर जागत. ते जागरण वाचविले स्वीडनच्या गुस्ताफ डालेन यांच्या सूर्यझडपेने. तिची काळी दांडी दिवसा उजेडाने तापून लांबे, वायू अडवी. सांजावताच आखडे आणि दिवा पेटे. १९१२ मध्ये स्फोटात डालेन यांची दृष्टी गेली. त्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आज दिवे विजेचे आहेत. दीपगृह पाहावयास जाल, तेव्हा दुसऱ्यांची जागरणे वाचविणारा हा अंध माणूस आठवा.