तगरची नक्कल आणि माझा इनबॉक्स

आज जरा मागं जाऊ. आपल्या धाराशिवजवळचं तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात त्याचं नाव येतं. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर, तिथलं कापड भडोचच्या बंदरात जायचं. तगर म्हणजे देवगिरी की जुन्नर, असे तर्क बरीच वर्षं चालले. १९०१ मध्ये फ्लीटने तगर म्हणजे तेरच, असं मांडलं.

पण ग्रंथाची मूळ प्रत आज नाही. आहे ती दहाव्या शतकातली नक्कल, जर्मनीत हायडेलबर्गला. लंडनची प्रत तिच्यावरूनच उतरवलेली. नकलकाराच्या चुका आहेतच, पण नक्कल होती म्हणून अभ्यास झाला.

आता ईमेलकडे या. १९८८ मध्ये इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नरने ‘युडोरा’ लिहिलं. त्या काळी पॉप पद्धतीत मेल सर्व्हरवरून आपल्या संगणकावर उतरायची आणि बहुधा सर्व्हरवरून पुसली जायची. म्हणजे एकच प्रत, तीही तुमच्या टेबलावर. २००४ मध्ये थंडरबर्डची पहिली पूर्ण आवृत्ती आली, तीही मेल ‘एमबॉक्स’ प्रकारात ठेवत होती. एका फोल्डरच्या सगळ्या मेल एकाच साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, एकाखाली एक. जुन्या आउटलुकची पीएसटी फाइल २ जीबीपर्यंतच जायची. २००३ पासून ती मर्यादा वाढली.

आता माझी फजिती ऐका. विहिरींच्या पाण्याच्या नमुन्यांचे निकाल मला मेलवर यायचे, पॉपने. बॅकअप मी घेत होतो बरं का! प्रोफाइल फोल्डर पेनड्राइव्हवर टाकला. एक फाइल मोठी आहे असा संदेश आला, मी ‘स्किप’ केलं. पुढं हार्डडिस्क गेली. नव्या लॅपटॉपवर उघडलं तर इनबॉक्स रिकामा! पेनड्राइव्ह फॅट३२ होता, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावतच नाही. वाचली ती ‘.एमएसएफ’ फाइल. ती नुसती अनुक्रमणिका, पुस्तक नव्हे. पुस्तक म्हणजे ती विनाएक्स्टेन्शनची ‘इनबॉक्स’ फाइल, जी मी सोडून दिली होती. दोन हंगामांचे निकाल लोकांकडे पुन्हा मागावे लागले. काहींकडे उरलेच नव्हते. प्रबंधातल्या एका तक्त्यात ते रकाने आजही रिकामे आहेत.

म्हणून तुम्ही एवढं करा:

१. आधी थंडरबर्ड पूर्ण बंद करा, मग अख्खा प्रोफाइल फोल्डर उचला. तो ‘हेल्प’मधल्या ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’मध्ये सापडतो.
२. पेनड्राइव्ह आधी रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. मूळ आणि नक्कल, दोन्हींचा आकार जुळतो का ते बघा.
३. दुसऱ्या संगणकावर ते परत बसवून बघा. जुन्यातल्या पाच मेल, जोडलेल्या फाइलींसकट, उघडा.

तिसरी पायरी बहुतेक जण टाळतात. पण उघडून न पाहिलेली नक्कल म्हणजे नुसता दिलासा. तगरच्या नकलेला अर्थ आला, कारण कुणीतरी ती उघडून वाचली. तुमची आजच उघडून बघा, प्रबंध जमा करायच्या आदल्या रात्री नको.