परसातली भाजी आणि दारातला कडुलिंब



मिरगाच्या सुमाराला दारातल्या कडुलिंबाखाली पिवळ्या लिंबोळ्यांचा सडा पडतो. पोरं त्या चिरडतात, पाखरं खातात, उरलेल्या झाडून उकिरड्यावर जातात. आणि त्याच घरची कारभारीण वांग्यावर मावा पडला की धन्याला सांगते, "बाजारातून येताना औषधाची बाटली आणा." दारातलं टाकून बाजारातलं आणायची ही सवय आपल्याला कधी लागली, त्याची हकिगत सांगायची आहे.

पूर्वी कणगीत ज्वारी भरताना मध्ये मध्ये कडुलिंबाचा वाळलेला पाला घालीत. कपड्यांच्या गाठोड्यातही तोच पाला. परसातल्या वेलावर मावा दिसला की चुलीतली राख चाळून सकाळी दवावर उधळायची. राखेने सगळी कीड जायची असे मी म्हणणार नाही. वांग्यातली अळी तेव्हाही होती, आणि किडकं वांगं कापून टाकून चांगला भाग कालवणात जायचा, एवढंच.

मग डी.डी.टी. आली. तिचा किडी मारण्याचा गुण स्वित्झर्लंडमधील पॉल म्युलर यांनी 1939 साली शोधला, आणि 1948 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे तिचा मोठा वापर हिवतापाच्या डासांवर झाला. त्याने माणसं वाचली, हे विसरून चालणार नाही. 1952 साली कलकत्त्याजवळ रिश्रा येथे बी.एच.सी. तयार होऊ लागली, आणि बघता बघता 'पावडर मारणे' हा शब्द खेड्यापाड्यात रुळला. सकाळी मारली की संध्याकाळी कीड मेलेली. डोळ्यांना दिसणारा गुण आला, मग लिंबोळी कोण वेचतो?

पण त्याची दुसरी बाजूही लवकरच दिसली. 1958 साली केरळात पॅराथिऑन नावाचे कीडनाशक वाहतुकीत धान्याच्या पदार्थांत मिसळले. ते खाऊन शंभरावर माणसे दगावली. त्यानंतर देशात कीटकनाशकांसाठी वेगळा कायदा हवा असे वाटू लागले. तो 1968 साली झाला आणि 1971 पासून अंमलात आला. पुढे डी.डी.टी. शेतीसाठी 1989 साली बंद झाली, बी.एच.सी. 1997 साली, एन्डोसल्फान 2011 साली. एका पिढीने जे रामबाण म्हणून घरात आणले, ते पुढच्या पिढीला बंद करावे लागले. आणि 2017 साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन कित्येक शेतकरी व मजूर गेले. परसातल्या भाजीची बाटली त्याच फडताळात, मिठाच्या बरणीशेजारी ठेवणारी घरं मी पाहिली आहेत.

आता कडुलिंबाकडे येऊ. 1959 साली आफ्रिकेत सुदान देशात मोठी टोळधाड आली. हाइनरिख श्मुटेरर नावाचे जर्मन कीटकशास्त्रज्ञ तेव्हा तिथे होते. टोळांनी सगळं हिरवं फस्त केलं, कडुलिंब तेवढे उभे राहिले. टोळ त्यांवर बसत, पण न खाताच उठत. ही झाडं मूळची आपल्या भागातली, तिकडे माणसांनी नेलेली.

आपल्याकडे 1962 साली दिल्लीवर टोळ आले. तिथल्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. एस. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिंबोळीच्या मगजाचे पातळ पाणी पिकांवर फवारले. टोळ पिकावर उतरले, पण त्यांनी पाला खाल्ला नाही. कणगीतला पाला काय करतो, ते असं उघड्या शेतात सगळ्यांना दिसलं. गंमत पाहा, त्याच वर्षी अमेरिकेत रेचेल कार्सन यांचे कीटकनाशकांचे धोके सांगणारे पुस्तक निघाले.

लिंबोळीतले मुख्य द्रव्य, अझाडिरॅक्टिन, 1968 साली वेगळे काढण्यात आले. ते किडीला जागच्या जागी मारत नाही. किडीची खाण्याची वासना जाते, अळीला कात नीट टाकता येत नाही, आणि ती वाढच संपून मरते. म्हणून फवारल्यावर दुसऱ्या दिवशी अळी हललेली पाहून "काही उपयोग नाही" म्हणू नका. चार दिवस थांबा.

हेच झाड पुढे कज्ज्यातही सापडले. कडुलिंबाचे तेल बुरशीवर वापरण्याचे पेटंट 1994 साली युरोपात अमेरिकेचे कृषी खाते आणि एका अमेरिकन कंपनीला मिळाले. भारतातून आणि बाहेरूनही हरकत घेतली गेली. आजी सांगत होती, एवढ्यावर तिथे भागत नाही. कधी, कुठे, कुणी वापरले ते दाखवावे लागते. त्या वेळी 1985 आणि 1986 च्या उन्हाळ्यात पुणे व सांगली जिल्ह्यांत शेतावर घेतलेल्या चाचण्यांचा पुरावा मांडला गेला. 2000 साली पेटंट रद्द झाले, आणि त्यावरचे अपील 2005 साली फेटाळले गेले.

आता तुमच्या परसाचं. लिंबोळ्या पिकून पडतील तशा वेचा, गर धुऊन काढा, बिया सावलीत वाळवा. पोतं हवेशीर ठेवा, बुरशी आली की गुण गेला. एकदा मी दोन वर्षांच्या जुन्या बिया वापरल्या आणि भेंडीवरचे तुडतुडे तसेच राहिले. तेव्हा त्याच हंगामातल्या घ्या.

पाव किलो बिया भरड कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजत घाला. दुसऱ्या दिवशी फडक्याने गाळा, चिमूट दोन चिमूट साबणाचा चुरा विरघळवा, आणि सगळं मिळून पाच लिटर करा. फवारणी उन्हं उतरल्यावर करा, कारण कडक उन्हात हे द्रव्य लवकर निकामी होते. पानाच्या खालच्या बाजूला आधी, मावा तिथेच असतो. आठ-दहा दिवसांनी पुन्हा. केलेला अर्क त्याच दिवशी संपवा.

वांग्याचा शेंडा मान टाकून वाळलेला दिसला तर आत अळी आहे. तिथे अर्क पोचत नाही. तो शेंडा खुडून जाळा, किडकी वांगीही तशीच. ठिपक्यांचे ढालकिडे माव्यावर फिरताना दिसले तर त्यांना हात लावू नका, ते मावाच खात असतात. आणि फडक्यात उरलेला चोथा फेकू नका, वांग्याच्या बुडाशी मातीत मिसळून द्या.