विजयदुर्गाचा मनोरा आणि दूरचा पडदा

कोलकात्याच्या हुगळीकाठी उभ्या असलेल्या फोर्ट विल्यमचे, म्हणजेच भारतीय लष्कराच्या पूर्व विभागाच्या मुख्यालयाचे, नाव आता ‘विजयदुर्ग’ झाले आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत ही बातमी प्रसिद्ध झाली. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आपल्या विजयदुर्गावरून हे नाव घेतले गेले आणि तेथील दक्षिणेकडील दरवाजाला शिवाजी महाराजांचे नाव मिळाले, हे वाचून महाराष्ट्रात अनेकांना समाधान वाटले. मात्र या किल्ल्याशी निगडित असलेला एक शास्त्रीय इतिहास त्या चर्चेत कुठेच आला नाही. तो इतिहास आहे दूरचे पाहण्याच्या प्रयत्नांचा. पुण्यातील एखादी अभियंता कोलकात्यातील संगणकाचा चालू पडदा आपल्यासमोर उघडते, तेव्हा ती नकळत याच इतिहासाचे एक पान उलटत असते.

प्लासीच्या लढाईनंतर, १७५८ मध्ये, क्लाइव्हने नव्या किल्ल्याच्या बांधकामाला सुरुवात केली. ते पूर्ण व्हायला दोन दशकांहून अधिक काळ लागला. किल्ल्यासभोवती तोफांच्या माऱ्यासाठी विस्तीर्ण मैदान मोकळे ठेवण्यात आले. तेच आजचे कोलकात्याचे ‘मैदान’. पण राज्य पसरत गेले तशी कंपनी सरकारची अडचण निराळीच झाली. किल्ल्याच्या तटावरून दिसणारे क्षेत्र काही मैलांचे आणि ज्यावर हुकूम चालवायचा तो प्रदेश शेकडो मैलांचा. बातमी डाकेच्या हरकाऱ्यांच्या पायांनी यायची आणि पावसाळ्यात नद्यांना पूर आला की तीही अडायची.

युरोपात या अडचणीवर उपाय सापडलेला होता. क्लोद शाप या फ्रेंच संशोधकाच्या कल्पनेनुसार १७९४ मध्ये पॅरिस ते लील अशी मनोऱ्यांची साखळी उभी राहिली होती. प्रत्येक मनोऱ्यावर हलवता येणाऱ्या खुणा असत. शेजारच्या मनोऱ्यावरील माणूस त्या दुर्बिणीतून पाही आणि जशाच्या तशा आपल्या मनोऱ्यावर उभ्या करी. त्याच धर्तीवर फोर्ट विल्यमपासून गंगाकाठच्या चुनारपर्यंत मनोऱ्यांची रांग बांधण्याचे काम कंपनीने हाती घेतले. कलकत्ता ते बनारस या सुमारे ४०० मैलांच्या मार्गाच्या पाहणीवर एक तरुण तोफखाना अधिकारी होता. त्याचे नाव जॉर्ज एव्हरेस्ट. पुढे ज्याचे नाव जगातील सर्वोच्च शिखराला मिळाले, तोच हा. १८१७ मध्ये त्याची नेमणूक लॅम्बटनच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणावर झाली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात इकडे पुण्याजवळ खडकीची लढाई झाली, हा काळाचा संदर्भ मराठी वाचकाने ध्यानात ठेवावा.

ही रांग हावडा, हुगळी, बांकुडा, पुरुलिया अशी पश्चिमेकडे सरकत गेली. तिचे काही मनोरे आजही भग्नावस्थेत उभे आहेत. पुरुलिया जिल्ह्यात रघुनाथपूरजवळच्या जयचंडी पहाडावर चढणाऱ्या प्रवाशाला वर एक पडका गोल बुरूज दिसतो, तो यांपैकीच एक.

या यंत्रणेची एक मर्यादा नीट समजून घ्यायला हवी. मनोऱ्यावरून निरोप जात असे, दृश्य जात नसे. चुनारच्या मनोऱ्यावरील माणसाने आपल्या समोरचे जे पाहिले, त्यातले काय सांगायचे हे दुसऱ्या कुणीतरी ठरवलेले असे. ते सांकेतिक खुणांत बसवले जाई आणि मगच ते फोर्ट विल्यमकडे निघे. वाटेत एका माणसाची नजर चुकली की पुढच्या सगळ्या मनोऱ्यांवर तीच चूक प्रामाणिकपणे उभी राही. त्यात धुके, धूळ आणि रात्र या तीन शत्रूंवर दुर्बिणीचा इलाज चालत नव्हता. ही व्यवस्था फार वर्षे टिकली नाही.

तिची जागा विजेने घेतली, आणि तेही कलकत्त्यातच. वैद्यक आणि रसायनशास्त्र या दोन्हींत गती असलेल्या विल्यम ओशॉनेसीने १८३९ मध्ये कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात तारेचे लांबलचक वेढे बांबूंवरून फिरवून विद्युत तारयंत्राचे प्रयोग केले होते. त्यांकडे सरकारचे लक्ष जायला दशकभर लागले. डलहौसीच्या पाठिंब्याने कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार १८५१ मध्ये सुरू झाली. डायमंड हार्बरच्या टोकाशी संदेश पाठवायला बसला होता ओशॉनेसीचा बंगाली सहकारी शिवचंद्र नंदी. भारतीय तंत्रज्ञांच्या इतिहासात हे नाव अधिक ठळक असायला हवे. १८५५ पर्यंत कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास ही शहरे तारेने जोडली गेली आणि सर्वसामान्यांनाही पैसे भरून तार करता येऊ लागली.

वेग वाढला, तरी मूळ मर्यादा तशीच राहिली. तार हीसुद्धा निरोपच नेत होती. ‘तिथे आत्ता समोर काय आहे?’ या प्रश्नाचे उत्तर तिथल्या माणसाच्या शब्दांवरच अवलंबून होते. दूरच्या टोकाला जे आधीच चालू आहे, तेच मध्यस्थाविना, कोणाच्या निवडीविना आपल्यासमोर येणे ही पुढची पायरी होती आणि ती गाठायला आणखी शतकभर जावे लागले.

९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील एका परिषदेत डग्लस एंगलबार्ट यांनी जे प्रात्यक्षिक दाखवले, त्यात ही पायरी प्रथम ठळकपणे दिसली. सुमारे ३० मैलांवरील मेन्लो पार्क येथे बसलेला सहकारी आणि सभागृहातील एंगलबार्ट एकाच पडद्यावरील एकाच मजकुराकडे पाहत होते. एकाने खूण केली की दुसऱ्याला ती तत्क्षणी दिसत होती. त्यासाठी सूक्ष्मलहरींची खास जोडणी उभारावी लागली होती. ते प्रयोगशाळेचे वैभव होते, सर्वांच्या आवाक्यातले साधन नव्हते.

१९८४ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे एक्स विंडो ही प्रणाली तयार झाली. तिच्यामुळे एका यंत्रावर चालणाऱ्या प्रोग्रामची खिडकी दुसऱ्या यंत्रावर उघडता येऊ लागली. मात्र ती नव्याने उघडलेली खिडकी असे. तिथल्या टेबलावर आधीपासून चालू असलेला पडदा त्यातून दिसत नव्हता.

ही उणीव केंब्रिजमधील ऑलिव्हेटीच्या संशोधन प्रयोगशाळेतील गटाने भरून काढली. ‘व्हर्च्युअल नेटवर्क कम्प्युटिंग’, म्हणजेच व्हीएनसी, या त्यांच्या पद्धतीवरील शोधनिबंध १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांपैकी क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर यांचा आणखी एक पराक्रम जगाला आधी ठाऊक झाला होता. १९९१ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक विभागात कॉफीच्या भांड्यासमोर एक कॅमेरा लावण्यात आला होता, जेणेकरून इतर मजल्यांवरील सहकाऱ्यांना कॉफी उरली आहे की नाही हे जागेवरूनच कळावे. त्या सोयीच्या शिल्पकारांत ते होते. भांडे रिकामे असल्याचा निरोप कोणी पाठवत नव्हते. भांडेच दिसत होते.

व्हीएनसीचे तत्त्व तितकेच साधे आहे. पडदा म्हणजे अखेर रंगीत बिंदूंचा एक आयत. पाहणारा संगणक विचारतो, ‘मागच्या वेळेनंतर काय बदलले?’ दाखवणारा सर्व्हर बदललेले तेवढेच तुकडे पाठवतो. पाहणाऱ्याच्या कळफलकावरील आणि माउसवरील हालचाली उलट दिशेने जातात. पाहणाऱ्या यंत्राला काहीच लक्षात ठेवावे लागत नाही. जोडणी तुटली आणि दुसऱ्या गावातून पुन्हा जोडली, तरी अर्धवट लिहिलेले वाक्य आणि त्यापुढील लुकलुकणारी खूण होती तिथेच सापडते.

युनिक्स कुळातील यंत्रांवर मात्र या पद्धतीचा मूळ सर्व्हर स्वतःचा एक नवा, अदृश्य डेस्कटॉप निर्माण करी. प्रत्यक्ष पडद्यावर बसलेल्या माणसाचे काम त्यातून दिसत नसे. कार्ल रुंगे यांच्या एक्स-इलेव्हन-व्हीएनसी या मुक्त प्रोग्रामने ही भिंत दूर केली. तो चालू असलेल्या डेस्कटॉपलाच, म्हणजे ‘शून्य’ क्रमांकाच्या पडद्याला, चिकटतो आणि तोच बाहेर दाखवतो. रुढ संकेताप्रमाणे या पडद्यासाठी ५९०० क्रमांकाचा पोर्ट उघडतो. आता दूरची अभियंता आणि जागेवरचा कर्मचारी एकच गोष्ट पाहतात. तिने माउस हलवला की त्याच्यासमोरचा बाण हलतो.

आणि येथेच फोर्ट विल्यमचा जुना प्रश्न नव्या रूपात समोर येतो. मनोऱ्याच्या खुणा कोणाही वाटसरूला दिसत, पण संकेतांच्या वहीविना त्यांचा अर्थ लागत नसे. चालू पडद्याला अशी वही नाही. जो पाहील त्याला सारेच वाचता येते: उघडे पत्र, बँकेचे खाते, बाजूला येऊन गेलेला सांकेतिक क्रमांक. निरोपात निवड असते, दृश्यात ती नसते. म्हणून चालू पडदा सामायिक करणारा सर्व्हर मांडणे हे प्रथम परवानगीचे काम आहे आणि मग तंत्राचे.

जाणकार मंडळी तो कसा मांडतात ते पाहावे. एक, सर्व्हरला बाहेरच्या जाळ्याकडे तोंड करून बसवत नाहीत. तो केवळ स्वतःच्या यंत्रावरून आलेली जोडणी स्वीकारतो आणि दूरचा माणूस एसएसएच नावाच्या कूटबद्ध बोगद्यातून आत येतो. कारण व्हीएनसीच्या मूळ पद्धतीत पडद्यावरील मजकूर उघडाच प्रवास करतो आणि पासवर्डची पहिली आठ अक्षरेच मोजली जातात. दोन, पासवर्ड असतोच. तो नसेल तर हा प्रोग्राम स्वतःच मोठ्या अक्षरांत इशारा देतो. तीन, नुसते पाहायचे असेल तर कळफलक आणि माउसचा अधिकार काढून घेतलेला असतो. चार, पहिला पाहुणा निघून गेला की हा सर्व्हर आपोआप बंद होतो. तो सतत चालू ठेवायचा असेल तर ‘कायमचा’ अशा अर्थाची सूचना मुद्दाम लिहावी लागते. हा शेवटचा तपशील मला सर्वांत मोलाचा वाटतो. दार उघडे ठेवणे हा अपवाद असावा, हे त्यात गृहीत आहे.

या विद्येने देशाच्या विज्ञानाचे केवढे कल्याण केले आहे, हेही सांगायला हवे. लडाखमधील हानले येथे सुमारे ४,५०० मीटर उंचीवर दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण आहे. तिथली हवा विरळ आणि हिवाळा जीवघेणा. खगोलशास्त्रज्ञ ही दुर्बीण बंगळूरजवळील होसकोटे येथील केंद्रात बसून उपग्रहाच्या जोडणीद्वारे चालवतात. एकेकाळी धुक्यापुढे हात टेकणारी मनोऱ्यांची रांग आठवली की या अंतराची खरी मोजदाद होते.

पण तीच किल्ली चोराच्याही हाती पडते. २०१९ च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेने दूरस्थ पडदा पाहण्याच्या अ‍ॅपचा वापर करून होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केले होते. फोनवरील गोड आवाज एक अ‍ॅप उतरवून घ्यायला सांगतो, त्यातील क्रमांक विचारतो आणि परवानगीचे बटण दाबायला लावतो. त्यानंतर खातेदार जे पाहतो ते तोही पाहतो. येथे कोणतेही कुलूप फुटत नाही. मालक स्वतः दार उघडतो, पण आपण काय उघडले हे त्याला ठाऊक नसते.

प्रणाली रचणारेही यातून शिकले. जुन्या एक्स प्रणालीत कोणताही प्रोग्राम मुकाट्याने संपूर्ण पडदा वाचू शकत असे. २००८ मध्ये सुरू झालेल्या वेलँड या नव्या रचनेत ही मोकळीक नाही. पडदा दाखवायचा असेल तर साधारणपणे समोर बसलेल्या माणसापुढे चौकट येते आणि त्याने होकार द्यावा लागतो. दुरून देखभाल करणाऱ्यांची त्यामुळे चिडचिड होते, कारण ज्या यंत्रासमोर कोणीच नाही तिथे होकार कोण देणार? तरीही दिशा योग्य आहे.

फोर्ट विल्यमच्या मनोऱ्यावरून जे दूरवर पाहिले जात होते, त्यासाठी त्या प्रदेशातील कोणाची संमती विचारली गेली नव्हती. पाहणे हाच राज्यकर्त्याचा अधिकार मानला जात होता. किल्ल्याचे नाव बदलले, ते योग्यच झाले. आता प्रत्येक घरातील पडद्याच्या बाबतीत एवढेच बदलायचे राहिले आहे की ‘परवानगी द्या’ या बटणावर बोट ठेवण्यापूर्वी समोरच्याला आपण काय काय दाखवत आहोत, याची एकदा आपल्याशीच मोजदाद करावी. घरातील वडीलधाऱ्यांनाही हे बसून समजावून सांगावे. काम झाले की दार लावून घ्यावे.