तळटीप : अमेरिकेच्या पन्नास जुन्या विनाशिका

* येथे अभिप्रेत विनाशिका २ सप्टेंबर १९४० च्या करारातल्या. ब्रिटिश वसाहतींत तळांसाठी ९९ वर्षांच्या पट्ट्याने जागा मिळवून अमेरिकेने पहिल्या महायुद्धाच्या सुमाराच्या, चार धुराड्यांच्या ५० विनाशिका ब्रिटनला दिल्या. काही कॅनडाकडे गेल्या. अरुंद बांध्यामुळे त्या अटलांटिकच्या लाटांवर भयंकर डोलत आणि वळायला फार जागा घेत. पाणबुडीच्या मागावर असलेल्या जहाजात हा दोष जिवावरचा. तरीही नवी जहाजे येईपर्यंत व्यापारी ताफ्यांची राखण त्यांनी केली. त्यांवरच्या खलाशांचे श्रेय इतिहासग्रंथांत फार थोडक्यात आटोपले जाते, हा अन्याय आहे. यांतली एकही भारताकडे आली नाही. आपल्या नौदलाच्या पहिल्या विनाशिका राजपूत, रणजित आणि राणा. त्या १९४९ मध्ये ब्रिटनकडून घेतल्या. त्याही दुसऱ्या महायुद्धात वापरलेल्याच. पैकी राजपूत (पूर्वीची रॉदरहॅम) डिसेंबर १९७१ मध्ये विशाखापट्टणमला होती. त्या बंदराबाहेर बुडालेली पाकिस्तानी पाणबुडी गाझी ही मूळची अमेरिकी डायब्लो, १९४४ साली जलावतरण झालेली. राजपूतने टाकलेल्या डेप्थ चार्जमुळे ती बुडाली, अशी भारतीय नौदलाची भूमिका आहे; पाकिस्तानला ती मान्य नाही. – संपादक